पाठमोरे दादा

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका माणसाने मला विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते?"

मी गप्प बसले. गप्प बसणं मला तेव्हा फार छान जमत असे.

"बरोबर. सांगू नका," तो म्हणाला. "त्याचंच एक लांबलचक वाक्य करा आणि इथे टाइप करा. जे सांगायची लाज वाटते, ते माणूस चुकूनही कोणाला सांगत नाही."

एवढं बोलून तो खोलीबाहेर गेला आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला.

हे आमचे दादा. ऑफिसात सगळेच त्यांना दादा म्हणत, कंपनीचे मालक असलेले सरसुद्धा. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. मशीनवर शिरायला आधी नाव लागतं आणि मग पासवर्ड, म्हणजे नाव ही अर्धी चोरी झालीच, असं ते म्हणत. त्यांच्या टेबलावर नावाची पाटी नव्हती, ती त्यामुळेच.

ऑफिस ठाण्यात नौपाड्याला होतं, दातांच्या दवाखान्याच्या वर, दोन फ्लॅट, मधली भिंत पाडून एक केलेले. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी डोंबिवलीहून यायचे. इंग्रजी शाळेत शिकलेली, घरी मराठी, बाहेर शक्यतो काहीच नाही. आम्ही नऊ-दहा जण होतो आणि आमचं गिऱ्हाईक एकच, युरोपातली एक कंपनी. तिच्या गोदामांचा हिशोब ठेवणारी मोठी मशीन तिकडेच होती. आम्ही इथून टेलिफोनच्या लाइनवरून तिच्यात शिरायचो, प्रोग्राम दुरुस्त करायचो आणि बाहेर पडायचो.

दादा येण्याआधी त्या मशीनचा पासवर्ड आमच्या फळ्यावर लिहिलेला असे. मी यायच्या आधीची गोष्ट, पण ऑफिसात सगळे ती रंगवून सांगत. दादांनी पहिल्याच दिवशी ओल्या फडक्याने फळा पुसला. सर धावत आले. "अहो दादा, सगळ्यांच्या सोयीसाठी लिहिलेला तो!"

"सगळ्यांत चोरही येतो," दादा म्हणाले, आणि फडकं पिळायला गेले.

पुढे तिकडच्या कंपनीनेच पासवर्ड बंद केला आणि प्रत्येकाने आपापली ‘की’, म्हणजे मशीनची किल्ली, करून पाठवावी, असं कळवलं. दादांना हे आधीपासून हवंच होतं. ते नव्या माणसाला समजावून सांगत ते असं: प्रोग्राम दोन फाइली तयार करतो. एक जगाला द्यायची, एक आईलाही नाही. जगाला द्यायची ती आपण तिकडे पाठवून ठेवतो. मग आपण दार वाजवलं की तिकडची मशीन त्या फाइलवरून एक कोडं बनवते आणि आपल्याला घालते. ते कोडं फक्त आपल्याकडच्या लपवलेल्या फाइलला सुटतं. तिकडे जातं ते उत्तर, फाइल कधीच जात नाही. आणि ती लपवलेली फाइलसुद्धा उघडी ठेवायची नाही, तिच्यावर एक वाक्य चढवायचं, म्हणजे कोणी ती पळवली तरी वाक्याशिवाय तिचा उपयोग नाही. ते वाक्य म्हणजे मला सांगितलं ते, लाजेचं.

हे सगळं आतल्या छोट्या खोलीत चाले. आधी ती स्वयंपाकघर होती. ओट्याच्या जागी मशीन आल्या होत्या, नळ मात्र तसाच होता आणि दादांनी त्याला सुतळीने बांधून टाकलं होतं. चपला बाहेर. एका वेळी एकच माणूस आत. आधी दादांनी स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्राम चाले. तो तुमच्याकडून वाटेल ती बटणं वाटेल तशी दाबून घेई आणि दोन बटणांमधल्या वेळातून की करायला लागणारी बेभरवशी आकड्यांची रास गोळा करी.

वाटेल तसं टाइप करणं किती कठीण असतं हे तिथे कळायचं. आमच्यातले निम्मे लोक टायपिंगच्या क्लासला गेलेले. मोकळं सोडलं की बोटं आपोआप पहिल्या धड्यावर जायची, डाव्या हाताची चार, उजव्या हाताची चार, तालात. दादा बाहेरून नुसता आवाज ऐकून ओरडत, "बंद करा! इन्स्टिट्यूट चालू झाली तुमची!"

"दादा, मी दोन परीक्षा दिलेल्या टायपिंगच्या," आमचा एक सहकारी आतून रडकुंडीला येऊन म्हणाला. "सवय झालेली. काय करू?"

"नापास होण्यासारखं टाइप करा."

अकाउंट्स बघणाऱ्या बाईंनी सरळ देवाचं नाव लिहायला घेतलं, एकसारखं, एका लयीत. दादांनी तेही आवाजावरून ओळखलं. "बाई, देवाचा भरवसा असतो. आपल्याला इथे बेभरवसा पाहिजे."

माझ्या वेळी त्यांनी मला तीनदा थांबवलं. "तुम्ही विचार करून दाबताय."

"विचार न करता कसं दाबायचं?" मी विचारलं. ऑफिसात मी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

ते पाठमोरेच म्हणाले, "डास मारताना कसं करता?"

ते जमलं. पडद्यावर ठिपके उमटत गेले, मध्येच बेरजेची चिन्हं आली, पुन्हा ठिपके. मशीन कीसाठी दोन मोठ्या मूळ संख्या शोधत होती. जुनी मशीन, वेळ लागायचा. तेवढा वेळ दादा न हलता उभे असत. पाठ अशी सरळ, की मागून बघणाऱ्यालाच वाटावं आपल्यावर कोणाची तरी नजर आहे.

दादांना नोकरीची गरज नव्हती. कोपरीतलं जुनं आगरी घराणं. आजोबा मिठागरावर राबलेले, वडिलांच्या वेळी जमिनीला भाव आला. दादांच्या नावावर एक इमारत आणि एक चाळ होती. ते स्वतः गणितात एम.एस्सी. झाले आणि काही वर्षं कल्याणला कॉलेजात शिकवून आले. सर त्यांना चिडवत, "दादा, घरी बसून भाडं खायचं सोडून इथे आमच्या उष्ट्या चहावर का जगताय?"

"घरी बसून ही कोण दाखवणार?" दादा म्हणत. ही म्हणजे तिकडची मशीन. त्यांनी ती कधी पाहिली नव्हती, फोटोतही नाही. तरी रोज सकाळी सगळ्यात आधी तेच तिच्यात शिरत, तिचा भार किती, जागा किती उरली, रात्रीची कामं नीट झाली का ते बघत. आमच्याशी ते पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलत, पण तिच्याशी घरचं. "काय गो, बरी हायस ना?" लाइन तुटली की कारण विचारत, "आथा कनाला रुसलीस?" एखाद्या प्रोग्रामने तिला विनाकारण राबवलेलं दिसलं तर ज्याचा तो प्रोग्राम त्याच्याशी दिवसभर बोलत नसत.

त्यांच्या चाळीतली एक गोष्ट मला त्यांच्याच भाडेकऱ्याकडून कळली. तो आमच्या खालच्या दातांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. दादा भाडेकरूंच्या खोल्यांच्या दुसऱ्या किल्ल्या स्वतःकडे ठेवत नसत. इतर मालक ठेवतात. एकदा एक बाई किल्ली आत विसरून बाहेर अडकली आणि मालकाकडे आली. दादांनी कुलूपवाला बोलावला, तो येईपर्यंत तिच्याबरोबर पायरीवर बसून राहिले, आणि शेवटी तिने नवी किल्ली पुढे केली तेव्हा हात मागे घेतले. "तुमचं घर," एवढंच म्हणाले. कंपाउंडर म्हणाला, "सरकलेला आहे थोडा, पण त्याच्या चाळीत कोणी दार लावून घेतलं की ते खरंच लागतं."

माझी आणि त्यांची ओळख वाढली ती सुक्या बोंबलांमुळे. इमारत शाकाहारी. दादा मंगळवार, गुरुवार सोडून डबा घेऊन गच्चीवर जात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसत. आमच्या घरीही मासे चालत, आणि एकदा जिन्यात तो वास आला तेव्हा मला राहवलं नाही. मी माझी पोळीभाजी घेऊन वर गेले. त्यांनी काही न विचारता बोंबलांची चटणी माझ्या डब्याच्या झाकणावर काढली.

"तिखट आहे, बाय."

खाली ते मला अहो म्हणत, तुम्ही म्हणत. गच्चीवर मी बाय होते आणि तू होते. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर पुन्हा तुम्ही होत असे. यात त्यांची कधी चूक झाली नाही.

आता त्या एका संध्याकाळची गोष्ट.

तिकडच्या कंपनीने कळवलं होतं की सगळ्यांनी नव्या की पाठवाव्यात. आमच्या सगळ्यांच्या गेल्या, फक्त सरांची राहिली होती, कारण सर नेहमी घाईत. दादांनी आदल्या दिवशी त्यांना कसंबसं खोलीत बसवून ती करवून घेतली होती, आणि ती पाठवायचं काम सरांवर सोडून ते भाचीच्या हळदीसाठी सुट्टीवर गेले होते. दुपारी तिकडून आठवण आली. सरांनी स्वतः मेल केली आणि बाहेर येऊन हात झटकत म्हणाले, "गेली एकदाची. दोन्ही फाइली जोडल्या. उगाच परत मागायला नकोत."

आपल्याकडे कुठलाही अर्ज भरायचा तर मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही जोडायची सवय. काही कमी पडलं तर खिडकीवरचा माणूस परत पाठवतो. सरांनी त्याच हिशेबाने केलं होतं. आणि मेल नुसती तिकडच्या सिस्टिम बघणाऱ्या बाईंना नाही, त्यांच्या गोदामांच्या सगळ्या मुकादमांनाही गेली होती.

मी म्हणाले, "सर, दुसरी फाइल द्यायची नसते." हे मी इतक्या हळू म्हणाले की सरांनी "हं, हं" करून फोन उचलला.

दादांच्या घरी फोन केला. उचलला कोणीतरी, पण मागे बँड इतका जोरात होता की त्या बाईंनी "कोन? कोन?" करून ठेवून दिला. मग मी उठले, स्टेशनचा पूल ओलांडला आणि कोपरीत विचारत विचारत त्यांच्या मांडवात गेले. अनोळखी लग्नघरात एकटीने शिरणं हे माझ्यासारख्या मुलीला काय वाटतं ते सांगत नाही. शंभर बायका नाचत होत्या. एका आजीने मला पाहुणी समजून हाताला धरून आत ओढलं आणि गालाला हळद लावली. दादा मला दिसले ते बँडच्या मागे. कपाळ, गाल, कान, सगळं पिवळं, शर्टावर हाताचे ठसे.

मी ओरडून सांगितलं. बँडवर ओरडायचंच होतं, त्यामुळे जमलं. "सरांनी दोन्ही फाइली पाठवल्या!"

दादांनी पायात चपला घातल्या आणि चालायला लागले. त्यांची बहीण मागून ओरडत होती, "अरे कया चाललास? मामाची हळद हाय आथा!" भाचीला मामाने हळद लावायची वेळ झाली होती. दादांनी मागे न बघता हात वर केला.

ऑफिसात ते तसेच सरांच्या केबिनमध्ये शिरले. सर आधी हसले. "काय दादा, नवरदेव तुम्ही का?"

"ती की बंद करायला तिकडे सांगायला हवं. आत्ता."

सरांचं हसू गेलं. "अहो, मेल त्यांनाच गेलीय ना? परक्याला थोडीच दिलीय?"

"मेल पोस्टकार्डासारखी जाते. वाटेत कोणीही वाचतं. तुमच्या कीवर ती अख्खी मशीन उघडते, सगळी गोदामं." दादा थांबले. "वाक्य काय घात... नाही, ते सांगू नका. घातलंत का, तेवढं सांगा."

सर पेपरवेट फिरवत राहिले. "वाक्य रिकामंच ठेवून दोनदा एंटर मारलं. रोज रोज एवढं लांब कोण टाइप करत बसणार?"

दादा खुर्चीवर बसले. हळदीच्या तोंडाने माणूस इतका फिका पडू शकतो हे मी तेव्हा पाहिलं. "मी बाहेर पाठ करून उभा होतो," ते म्हणाले, सरांना नाही, कोणालाच नाही.

"दादा, ऐका माझं. पुढच्या आठवड्यात त्यांचा करार रिन्यू व्हायचाय. आत्ता हे सांगितलं तर संपलो आपण. दहा घरं चालतात यावर. करार होऊ दे, मग गुपचूप नवी की करू. कोणाला कळणार नाही."

"आणि तोवर कोणी शिरलं तर?"

"नाही शिरत हो कोणी!"

दादा उठले. आतल्या खोलीत गेले, लाइनची वायर काढली, गुंडाळली आणि खिशात घातली. "त्यांना सांगून होईपर्यंत इथून तिकडे कोणी जाणार नाही."

सरांचा आवाज चढला. "दादा, कंपनी माझी आहे!"

"कंपनी तुमची. मशीन त्यांची."

ऑफिसच्या फोनवरून परदेशी फोन लावायला सरांकडचा कुलपाचा नंबर लागे, आणि सर तो देणार नव्हते. दादा माझ्याकडे वळले. "बाय, येशील का? नाही म्हणालीस तरी मी जाणार आहे. लिहिलेलं इंग्रजी मला चालतं, पण त्या बाईंचं बोललेलं मला फोनवर कळत नाही." ऑफिसच्या आत त्यांनी मला बाय म्हटलेलं ते पहिल्यांदा.

सर म्हणाले, "पोरीला कशाला यात घेताय?" मी पर्स उचलली. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, याचा विचार जिन्यात केला.

कोपऱ्यावरच्या एसटीडी-आयएसडी फोनच्या बूथमध्ये एकच माणूस मावत असे, आम्ही दोघं शिरलो. बूथवाला आमचे पिवळे चेहरे बघून म्हणाला, "लग्न परदेशात आहे का?" मीटरचे लाल आकडे पळायला लागले, तसा दादांनी त्यांच्यावर तळहात ठेवला. "तिकडे बघू नकोस. बोल."

तिकडे दुपार होती. त्या बाईंनी फोन उचलला. पहिलं वाक्य त्यांनी दोनदा परत बोलायला लावलं. मी काय घडलं ते सांगितलं. पुढचं दादा कानात सांगत होते.

"आधी माझी की काढायला सांग."

मी रिसीव्हरवर हात ठेवला. "तुमची? तुमची कुठे गेलीय, दादा? सरांची गेलीय."

"सांग ना. आधी माझी, मग सरांची."

मी तसंच सांगितलं. त्या बाईंनीही विचारलं, का. दादा म्हणाले, "सांग, इथल्या कीची जबाबदारी त्याची होती, असं तो म्हणतो." मी सांगितलं. तिकडून बटणांचा आवाज आला. त्या बाई म्हणाल्या, दोन्ही काढल्या, आणि नियम म्हणून तुमच्या सगळ्यांच्याच काढल्या. बाकीचं त्यांच्या लोकांशी बोलून कळवतील.

फोन ठेवला. "सगळ्यांना बाहेर काढलं," मी म्हणाले.

"बरं केलं," दादा म्हणाले. बूथवाल्याचे पैसे दिले, आणि मग आठवल्यासारखं, "हळद संपली असेल."

नंतरचे दिवस आम्ही बंद पडद्यांसमोर बसून काढले. सर दादांशी बोलत नव्हते. ज्याच्या बोटांची इन्स्टिट्यूट चालू व्हायची तो सहकारी मोठ्याने म्हणे, "दादा, चाळीत एखादी खोली ठेवा हां आमच्यासाठी. नोकरी तर तुम्ही घालवलीत." दादा म्हणत, "दोन रिकाम्या आहेत," आणि त्या खरंच होत्या.

मग तिकडून कळलं. त्यांनी सगळ्या नोंदी तपासल्या होत्या, परकं कोणी शिरलेलं नव्हतं. कौतुकाचा शब्द नव्हता. करार रिन्यू केला होता, पण आधीच्या निम्म्या मुदतीचा. आणि सगळ्यांनी नव्याने की कराव्यात. सरांनी ते वाचून दाखवलं, कागदावरून डोकं वर काढलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा दादांना म्हणाले, "चहा घेणार?"

पुन्हा रांग लागली, चपला बाहेर. सर आत फार वेळ बसले आणि बाहेर आले तेव्हा कपाळ पुसत होते. दादांनी काही विचारलं नाही. सर स्वतःच म्हणाले, "घातलं. खूप लाज वाटेल असं घातलं."

एकच की झाली नाही. मी गच्चीवर विचारलं, "दादा, तुमची?"

"माझी नको."

"पण का? चूक तुमची नव्हती."

त्यांनी बोंबलाचा काटा बाजूला काढला. "बघायचं नाही हा नियम माझा. तो मोडणार नाही. पण त्या नियमापायी ती मशीन उघडी पडली ना? मग नियमाची किंमत मी द्यायची, तिने का?"

मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पूर्ण पटत नाही. सकाळचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मी तिकडे शिरायचे, ते पलीकडच्या खुर्चीत चहा घेऊन बसायचे, पडद्याकडे तिरके. मी भार वाचायचे, जागा वाचायचे. काही अडलं तर ते न बघता सांगत, कुठल्या फाइलीत कितव्या ओळीच्या आसपास बघायचं. ते कधी चुकले नाहीत, आणि कीबोर्डला त्यांनी हात लावला नाही.

काही महिन्यांनी सर एक मेल घेऊन आले. "दादा, तिकडच्या बाई परत विचारतायत. तुमची की कधी पाठवताय? आता तर त्याच मागतायत, अजून किती ताणणार?"

दादांनी चहाचा घोट घेतला. "लिहा त्यांना, तो माणूस रजेवर आहे."

मी ती नोकरी सोडली तेव्हा दादा रोज सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात येत होते, आणि ती रजा चालूच होती.